किट नंतर, फोटो आधी : युद्धकाळातला रणगाडा निवडताना

बारीककाम (धागाकर्ती)

दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्याचं मॉडेल करायचं तर बहुतेकजण आधी किट (जोडायच्या सुट्या भागांची पेटी) घेतात आणि पेटी उघडल्यावर ठरवतात, कोणता रंग, कोणती डिकल (चिकटवायची खूण). माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी एक जुना फोटो निवडावा. एकच गाडी, एकच आघाडी, जमलं तर साल आणि महिनाही. मग त्या फोटोला जुळेल ते किट शोधावं.

मी स्वतः चुकले म्हणून लिहितेय. तीन वर्षांपूर्वी १/३५ चा, म्हणजे मूळच्या पस्तिसाव्या भागाएवढा, टायगर हा जर्मन रणगाडा केला. पेटीत सुरुवातीच्या आणि नंतरच्या घडणीचे भाग एकत्रच होते. मला ट्युनिशियातल्या टायगरची खूण आवडली, ती डिकल लावायचं ठरवलं. शिवाय झिमरिट करायचं मनात होतं. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन चिलखतावर देत असलेला खरबरीत लेप तो हा. पुट्टीचा पातळ थर देऊन त्यावर छोट्या पात्याने एकेक ओळ ओढत चार संध्याकाळी बसले. सगळं संपल्यावर लक्षात आलं की ट्युनिशियातली लढाई मे १९४३ मध्येच संपली आणि झिमरिट द्यायला सुरुवात झाली त्या वर्षाच्या उत्तरार्धात. माझ्या कपाटातला तो टायगर कुठल्याच लढाईत कधी नव्हता. अजून त्याच्याकडे बघितलं की वाईट वाटतं.

टायगर बनले जेमतेम साडेतेराशे, ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ या दोन वर्षांत. तेवढ्यात कमांडरच्या डोक्यावरचा उंच डबा जाऊन पेरिस्कोपवाला बुटका घुमट आला, मागचे एअर फिल्टर गेले, आणि १९४४ च्या सुरुवातीला रबरी धावेची चाकं जाऊन पोलादी धावेची आली. अमेरिकी शर्मनचं तर विचारू नका. त्याच्या एम४ए१ या प्रकाराचं वरचं अंग ओतीव, गोलसर. एम४ए४ चं अंग लांब, कारण त्यात मोटारींची पाच इंजिनं एकत्र जोडून बसवली होती. 'मला शर्मन करायचाय' एवढ्यावर किट निवडता येत नाही.

---

निपरहाती

पूर्ण असहमत. नवीन माणसाला हा सल्ला दिलात तर तो फोटोच शोधत बसेल आणि निपर (भाग कापायची छोटी पक्कड) हातातच घेणार नाही.

पहिलं किट निवडताना एकच बघावं, भाग एकमेकांत नीट बसतात का. बाकी सगळं नंतर. या छंदातली खरी मजा कुठे आहे सांगतो. खालच्या आणि वरच्या अंगाची फट जुळवून धरायची, पातळ सिमेंटचा, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून जोडणाऱ्या द्रवाचा, ब्रश एका टोकाला नुसता टेकवायचा. द्रव आपोआप फटीतून सरकत दुसऱ्या टोकापर्यंत जातो. दोन्हीकडून हलकं दाबलं की वितळलेल्या प्लॅस्टिकचा केसाएवढा मणी वर येतो, वाळल्यावर तो तासून टाकला की सांधा दिसतसुद्धा नाही. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा माणूस या छंदात कायमचा येतो. झिमरिट कोणत्या महिन्यात आलं यामुळे कोणी येत नाही.

आणि हे १/३५ प्रमाण तरी कुठून आलं? साठच्या दशकाच्या सुरुवातीला तामिया या जपानी कंपनीने मोटरवर चालणारा पँथर हा जर्मन रणगाडा काढला. आत दोन बॅटऱ्या मावाव्यात म्हणून त्याचं अंग तेवढं ठेवलं. नंतर मोजलं तर ते मूळच्या साधारण पस्तिसाव्या भागाएवढं भरलं. छंदाचा पायाच मुळी जोडण्याच्या आनंदावर उभा आहे.

शिवाय तुमचे फोटो काळे-पांढरे. रंग कसा ठरवणार?

---

बारीककाम

रंग फोटोवरून ठरत नाही, मान्य. पण आकार ठरतो, आणि किट घेताना आकारच महत्त्वाचा. रंगाचं म्हणाल तर जर्मन गाड्यांवर फेब्रुवारी १९४३ पासून मूळ रंग गडद पिवळा. हिरवा आणि तांबूस तपकिरी लेप डब्यातून मिळायचा, तो पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये कालवून गाडीवरचेच लोक फवारत. त्यामुळे छटेत सूट आहे. चाकांत नाही. रबराच्या टंचाईत स्टालिनग्राडच्या कारखान्याने टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याला पोलादी धावेची चाकं बसवली. तो फोटो समोर ठेवून रबरी धावेची चाकं लावली तर ती गाडी ती राहतच नाही.

---

कडीमागूनकडी

फोटो की किट हे नंतर बघा, आधी चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यांचं ठरवा. माझ्या मते रणगाडा जिवंत दिसतो तो पट्ट्यांमुळे.

टी-३४ ला वर आधाराचे छोटे रोलर नाहीत. पट्ट्याची वरची बाजू थेट मोठ्या चाकांवर पडते आणि दोन चाकांमध्ये किंचित झोळ घेते. अखंड व्हिनाइलचा पट्टा तिथे सरळ ताणून राहतो, खेळण्यासारखा दिसतो. म्हणून सुट्या कड्या. एका बाजूला ७२, दोन्ही मिळून १४४. टायगरला एका बाजूला ९६. हो, प्रत्येक कडीवरचा स्प्रूचा (भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) ठसा घासावा लागतो, पण पद्धत बसली की काम भराभर होतं. कड्या सरळ पट्टीला लावून पातळ सिमेंटने चिकटवायच्या, अर्ध्या तासाने सांधे नरम असतानाच चाकांवर गुंडाळायच्या आणि वरून फोमचे तुकडे खुपसून झोळ पाडायचा. चाकं चिकटवू नका, नुसती टेकवा. रात्रभर वाळलं की चाकांसकट अख्खा पट्टा बाहेर निघतो आणि वेगळा रंगवता येतो.

शर्मनला याची गरज नाही. त्याला वर रोलर आहेत, पट्टा ताठच असतो.

---

निपरहाती

पहिल्याच किटला १४४ कड्या? पंचविसाव्या कडीला माणूस पेटी बंद करून ठेवेल. माझ्या ओळखीत अशा बंद पेट्या बऱ्याच आहेत, आणि प्रत्येक पेटीमागे कोणाचा तरी 'अचूक करा' असा सल्ला आहे.

---

दशांशमिमी

तुम्हा सगळ्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटतेय, जाडी. टी-३४ चं पुढचं चिलखत ४५ मिमी. १/३५ ला ते १.३ मिमी होतं, प्लॅस्टिक तेवढं जाड असतंच, छान. पण मडगार्डचा पत्रा खऱ्या गाडीवर दोन-तीन मिमीचा. १/३५ ला तो एक दशांश मिमीपेक्षाही कमी. किटमधलं मडगार्ड त्याच्या कितीतरी पट जाड. फोटो बघून कोणी कितीही अचूक किट घेतलं तरी हे राहणार. एक तर कोरीव पितळी पत्रा वापरा, नाहीतर प्लॅस्टिकची दिसणारी कड मागून तिरकी तासून बारीक करा. दुसरं पहिल्या किटलाही जमतं, धारदार पातं आणि दहा मिनिटं पुरतात.

अवांतर: गंज चढवताना कृपया हात आखडता घ्या. टी-३४ आघाडीवर वर्षानुवर्षं उभा नसायचा. एक्झॉस्टचा पाइप गंजतो, कारण तो तापतो. चालत्या गाडीचा पट्टा जमिनीला घासून चकचकीत होतो. पण टरेटवरून (तोफेच्या फिरत्या बुरुजावरून) खाली ओघळणारा तो नारिंगी गंज मला कुठल्याच चालू गाडीवर पटत नाही.

---

निपरहाती

गंजाबद्दल शंभर टक्के सहमत. कड तासायचंही पटलं, कारण त्याने काम अडत नाही.

---

पहिलीचपेटी

मी अजून एकही किट केलेलं नाही, म्हणून सगळं दोनदा वाचलं. टी-३४-८५ (८५ मिमी तोफेचा टी-३४) घ्यायचा विचार आहे, १/३५. बारीककाम यांचं वाचून एक फोटो शोधला. गाडी चिखलात उभी आहे, वर पाच-सहा सैनिक बसलेत, आणि पुढचं डावं मडगार्ड नाहीच, तुटून गेलंय. कड्यांची मात्र भीती वाटते. अर्धे तुकडे, अर्ध्या सुट्या कड्या असा पट्टा असलेलं किटही मिळतं म्हणे, ते चालेल का?

---

कडीमागूनकडी

चालेल. सरळ भाग एकसंध असतो, सुट्या कड्या फक्त दोन टोकांच्या वळणावर. वरच्या तुकड्याचा झोळ बहुतेक वेळा साच्यातच दिलेला असतो. विकत घेण्याआधी पेटीच्या बाजूचं चित्र बघा.

---

बारीककाम

फोटो मिळाला, फार आनंद झाला. ८५ च्या टरेटचे ओतीव प्रकारही एकाहून जास्त आहेत. ओतकामाच्या साच्याच्या सांध्याची रेघ फोटोत दिसते का ते भिंगातून बघा आणि मगच किट घ्या.

---

निपरहाती

रेघ दिसली नाही तरी किट घ्या! आणि ते डावं मडगार्ड आधी चिकटवू नका. स्प्रूवर असतानाच कापा, नंतर अंगावरून कापताना पातं घसरलं तर पुढच्या तिरक्या चिलखतावर ओरखडा जातो. उजव्याची कड दशांशमिमी यांनी सांगितली तशी मागून तासा. तुटक्या बाजूने चिखल थेट वर उडालेला असणार, तो हेडलाइटपर्यंत न्या.