मदत हवी आहे: केमो चालू असलेली कुत्री खात नाहीये, शुक्रवारचं इंजेक्शन द्यावं का?

नमस्कार मंडळी,
अमळनेर तालुक्यातलं खेडं आमचं. काळी ही गावठी कुत्री, चारेक वर्षांची, वजन १४ किलो. ओट्यावर रक्ताचे थेंब दिसायचे. माजावर आली असेल म्हणून महिनाभर कोणी पाहिलं नाही, चूक आमचीच. मग शेपटीखाली फुलकोबीच्या तुऱ्यासारखी गाठ दिसली. डॉक्टरांनी टीव्हीटी सांगितला, म्हणजे कुत्र्यांत मिलनातून, चाटण्यातून पसरणारा कॅन्सर. आठवड्याला एक व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधाचं इंजेक्शन शिरेतून, साधारण चार ते सहा वेळा. यात बहुतेक कुत्री बरी होतात म्हणाले, म्हणून हिंमत केली.

दोन झाली. गाठ निम्मी आटली. पण गेल्या शुक्रवारच्या इंजेक्शननंतर रविवारपासून अन्नाला तोंड लावत नाही. दोनदा पिवळं पाणी ओकली, दोन दिवस शी नाही. दूध-भाकरीचा वास घेऊन मान फिरवते. आजी दिवसातून दहादा विचारते, "तिले काय व्हयनं रे?" शेवभाजीचं पातेलं उघडलं की मात्र शेपूट हलते, पण ते तिखट तिला कोण देणार!

शुक्रवारी तिसरं द्यावं की थांबावं? दवाखाना २२ किलोमीटर, रिक्षा करावी लागते. शहरातल्या एका लॅबने कुत्र्याचं रक्त घेणार नाही म्हणून परत पाठवलं. अजून एक, वहिनींना पाचवा महिना आहे आणि सकाळी अंगण त्याच झाडतात. चालेल का? बाकी सुई टोचलेल्या पायावर थोडी सूज आहे, ती चाटत बसते, एवढंच.

प्रतिसाद:
भाऊ, "एवढंच" म्हणून जे शेवटी लिहिलंत ना, ते सगळ्यात आधी बघा. हे औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी जळते, जखम काही दिवसांनी उघडते. आजच फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. हळद नको, बर्फ तर अजिबात नको, या औषधाला थंडी उलट बाधते. चाटू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घाला.

शुक्रवारचं इंजेक्शन द्यायचं की नाही, ते रक्ततपासणी ठरवेल. पांढऱ्या पेशी पाचव्या-सातव्या दिवशी सगळ्यात खाली जातात. चार हजारांखाली असतील तर डॉक्टर सहसा आठवडाभर पुढे ढकलतात. रक्त डॉक्टरांनाच काढायला सांगा, नमुना ते पाठवतील. ताप मोजा, १०३ फॅरनहाइटच्या वर गेला तर शुक्रवारची वाट पाहू नका. ओकारीची गोळी त्यांच्याकडूनच घ्या. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देऊ नका, कुत्र्याला विष आहे. बिनमिठाचा भात आणि उकडलेलं चिकन कोमट करून, चमचा-चमचा. कांदा-लसूण नको.

वहिनींना अंगणापासून लांब ठेवा. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस लघवी-शीतून औषध बाहेर पडतं. हातमोजे घालून तुम्हीच उचला. आणि काळीला गल्लीत सोडू नका, नाहीतर गाठ दुसऱ्या कुत्र्यांना लागेल.

धागाकर्ता, शनिवार:
पांढऱ्या पेशी ३,२०० निघाल्या, इंजेक्शन पुढच्या शुक्रवारी. पायाला मलम आणि कोमट शेक चालू आहे. औषध थोडं सांडलं होतं, डॉक्टरांनी स्वतःच कबूल केलं. ओकारी थांबली. आज चिकन खाल्लं, भात ताटलीतच ठेवला. अंगण आता मी झाडतो, आजी ओट्यावर बसून हसते.