सकाळी गाडी सुरू होताना स्टार्टर जड फिरतो

प्रश्न: माझ्या सात वर्षांच्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर सकाळी जड फिरतो आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावतात. बॅटरी गेल्याच वर्षी बदलली आहे. दोष कुठे शोधावा?

उत्तर: दिवे मंदावत असल्याने इंधनाआधी विजेकडे पाहावे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावल्यास सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. स्टार्टर फिरताना हा आकडा १० च्या बराच खाली गेला, तर बॅटरीच भार पेलत नाही.

दुसरे उत्तर: आणि आकडा टिकूनही स्टार्टर जडच फिरला, तर अर्थिंगची वायर (बॅटरीच्या ऋण टोकाकडून येणारी) गाडीच्या बॉडीला जिथे बोल्टने जोडलेली असते ती जागा अवश्य तपासा. नवी बॅटरी घेण्याची घाई कृपया करू नका.

प्रश्नकर्ता: स्टार्टर फिरताना ११ व्होल्ट टिकले. अर्थिंगच्या बोल्टखाली गंज होता. बॅटरीची ऋण वायर सोडवून तो पॉलिश पेपरने घासला, बोल्ट घट्ट आवळला आणि आज सकाळी गाडी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली. मनापासून आभार.