नव्या उबुंटू सर्व्हरवर ॲडमिन लॉगिन होत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. खानापूरच्या आमच्या पतसंस्थेत उबुंटू सर्व्हर २४.०४ नव्याने बसवलाय. ॲडमिन युजरचा पासवर्ड कन्सोलवर चालत नाही, सुडोलाही (ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवायची सोय) चालत नाही. लॅपटॉपवरून एसएसएच (नेटवर्कवरून दुरून लॉगिन) मात्र होतं, कारण तिथे पासवर्डऐवजी 'की', म्हणजे किल्लीची फाइल, वापरतो.

कीबोर्डचा घोळ नाही. युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करून पाहिला, अक्षरं बरोबर उमटतात. रिकव्हरी मोडमध्ये (दुरुस्तीसाठी मशीन सुरू करायचा मार्ग) रूट पार्टिशन रीड-राइट करून पासवर्ड बदलला. बदलला असा संदेशही आला, पण रीबूटनंतर परत तेच. खातं लॉक नाही, मुदत संपलेली नाही, डिस्कवर जागा भरपूर आहे.

ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदी) पॅमला (लॉगिन तपासणारी यंत्रणा) एलडॅपचं (युजरची माहिती एका सामाईक सर्व्हरवर ठेवायची पद्धत) मॉड्यूल उघडता येत नाही, अशी ओळ येते. पॅमच्या कॉमन-ऑथ फाइलमध्ये त्या मॉड्यूलची 'रिक्वायर्ड', म्हणजे सक्तीची, ओळ सापडली. आमच्याकडे एलडॅप नाहीच! बसवणाऱ्याने दुसऱ्या सर्व्हरची फाइल उचलून टाकली असावी, आणि आता तो फोन घेत नाही.

पुन्हा इन्स्टॉल करायचं नाही, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स या इन्स्टॉलेशनला बांधलंय. रिकव्हरीसाठी मशीनसमोरच बसावं लागतं, तेही व्यवहार बंद झाल्यावर, आणि पावसात इकडे लाइटीचा भरवसा नसतो. म्हणून एका बैठकीत काम उरकायचंय.

रिकव्हरीतून पॅम-ऑथ-अपडेट (पॅमच्या या फाइली नव्याने लिहिणारी कमांड) 'फोर्स' पर्यायाने चालवलं तर ती ओळ जाऊन मूळ मांडणी परत येईल का, की फाइल हातानेच दुरुस्त करू? आणि पॅमच्याच कॉमन-अकाउंट, कॉमन-पासवर्ड या फाइलीही बदलल्या गेल्यास चालू असलेलं एसएसएच बंद पडायचा धोका आहे का?