मदत हवी आहे : रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींची एकमेकींवरील पकड खरोखर वाढली, हे कसे सिद्ध करावे?

नमस्कार. मी पेशीजीवशास्त्रात संशोधन करणारी विद्यार्थिनी आहे. नाळेतील शिरेच्या अस्तरपेशी वाढवून, त्यांची परस्परांवरील पकड घट्ट करणाऱ्या संयुगांचा अभ्यास मी करते. या विषयाकडे मी वळले ती डेंग्यूमुळे. तीव्र डेंग्यूत रक्तद्रव केशवाहिन्यांबाहेर झिरपू लागतो आणि पुष्कळदा ताप उतरू लागल्यावरच रुग्णाची प्रकृती ढासळते. ही गळती थांबवणारे सिद्ध झालेले औषध आजही डॉक्टरांच्या हाती नाही. शिरेतून द्रव काटेकोरपणे देत राहणे हाच उपचाराचा आधार आहे. म्हणून हा प्रश्न मला नुसता प्रयोगशाळेपुरता वाटत नाही.

या पेशींना जोडणारे मुख्य प्रथिन व्हीई-कॅडहेरिन. त्याचा पेशीबाहेरचा भाग कॅल्शियम असेल तरच शेजारच्या पेशीवरील तशाच प्रथिनाला धरतो, आणि आतला भाग कॅटेनिन प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्यातील ॲक्टिनच्या तंतूंशी जोडलेला असतो. त्यामुळे जोड सैल होण्याच्या निदान दोन वाटा संभवतात. थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे विकर दिल्यास ऱ्हो-ए प्रथिन सक्रिय होते, मायोसिन हे आकुंचन घडवणारे प्रथिन तंतूंना ओढू लागते आणि दोन पेशींमध्ये फटी पडतात. तर व्हीईजीएफ या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाच्या प्रभावाखाली कॅडहेरिनच पेशीच्या आत ओढले जाते. ताण कमी होणे आणि पकड वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि माझी अडचण नेमकी याच ठिकाणी आहे.

मी मुख्यतः दोन संयुगे वापरते. पहिले फोर्सकोलिन. ज्याच्या मुळांचे लोणचे आपल्याकडे घालतात, त्या माईनमुळ्यापासून ते मिळते. (लोणचे खाऊन रक्तवाहिन्यांना फायदा होतो, असा अर्थ यातून कृपया कोणी काढू नये.) ते ॲडेनिलिल सायक्लेज हे विकर थेट चेतवून पेशीतील सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढवते, पुढे एपॅक आणि रॅप-१ या प्रथिनांच्या मार्गाने कॅडहेरिनचे जोड स्थिर होतात, असे २००५ सालापासूनच्या संशोधनातून दिसून आले आहे. दुसरे स्फिंगोसिन-१-फॉस्फेट, म्हणजे रक्तातील एक संदेशवाहक स्निग्ध रेणू. ते पहिल्या प्रकारच्या ग्राहीमार्फत (ग्राही म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील, संदेश ओळखणारे प्रथिन) रॅक-१ हे प्रथिन चेतवून पेशीच्या कडेला ॲक्टिनचा पट्टा उभा करते, मात्र मात्रा फार वाढवली तर इतर ग्राहींमार्फत उलटा परिणाम होऊ शकतो. काळाचाही प्रश्न आहेच. याच ग्राहींवर काम करणाऱ्या फिंगोलिमॉड या औषधाला २०१० साली अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी मान्यता मिळाली; परंतु दीर्घकाळ वापरल्यास ते ग्राहीच नाहीसे करते आणि दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येणे हा त्याचा ज्ञात दुष्परिणाम आहे. त्यामुळे संयुग दिल्यावर किती वेळाने मोजमाप घ्यायचे, हेही मला संयुगाच्या निवडीइतकेच महत्त्वाचे वाटते.

फोर्सकोलिन दिल्यावर पेशींच्या थराचा विद्युतरोध वाढतो आणि ७० किलोडाल्टनचे चमकणारे डेक्स्ट्रान (शर्करेचा मोठा रेणू) थरातून कमी पार होते. पण पेशी केवळ पसरल्या किंवा त्यांच्यातील ताण उतरला, तरी हेच दोन आकडे असेच बदलतील. केवळ त्यांच्या आधारावर ‘पकड वाढली’ असे प्रबंधात लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पकड थेट तपासण्यासाठी डिस्पेज या विकराने अख्खा थर बशीपासून सोडवून, तो हलवून, त्याचे किती तुकडे पडतात ते मोजण्याची पद्धत आहे. त्वचेच्या पेशींवर ती उत्तम चालते. माझ्या पेशींचा थर मात्र हलवण्याआधी, सोडवतानाच फाटतो, मग संयुग दिलेले असो वा नसो.

ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी पुढील बाबींवर मार्गदर्शन करावे. डिस्पेजच्या द्रावणात कॅल्शियम किती ठेवावे आणि पेशी दाटीने भरल्यानंतर आणखी किती दिवस थांबावे? हे जमतच नसेल, तर चमकणारे कॅडहेरिन जोडाच्या एका भागात लेसरने विझवून ते किती वेगाने परत भरते हे पाहणे परीक्षकांना पुरेसे वाटेल का, की मायोसिनचा ताण वेगळ्या औषधाने आधीच काढून टाकून मग फोर्सकोलिनचा उरलेला परिणाम दाखवणे अधिक खात्रीचे ठरेल? मला दुसरा मार्ग तर्काला अधिक धरून वाटतो, पण ताण पूर्णपणे काढला तर जोडही विस्कळीत होतील, अशी भीती वाटते.

तुलनेसाठी ॲडेनिलिल सायक्लेज न चेतवणारे १,९-डायडीऑक्सीफोर्सकोलिन आणि निव्वळ डीएमएसओ (संयुगे ज्यात विरघळवतात तो द्रव) मी वापरतेच. सीरममध्ये स्फिंगोसिन-१-फॉस्फेट आधीच असते, म्हणून कोळशाने शुद्ध केलेले सीरम वापरण्याचा विचार आहे. त्यात या पेशी किती तास निरोगी राहतात, याचा अनुभव कोणाला असल्यास तोही अवश्य लिहावा.