सोलापुरात स्वतःचं हॉटेल काढायचं डोक्यात असेल तर आधी हे वाचा

रस्सा_भाकरी (धागा यांचा)

होटगी रोडला माझं मटण-भाकरीचं हॉटेल होतं, बारा टेबलांचं. सव्वादोन वर्षं चालवलं आणि दिवाळीनंतर शटर ओढलं. "चव तर भारी होती की ओ, बंद का केलं?" असं रोज कुणीतरी विचारतं. त्यातले निम्मे एकदाही जेवायला आले नव्हते, ते जाऊ द्या. माझं मत सरळ आहे : घरची जागा नसेल आणि घरची माणसं भट्टीवर उभी राहणार नसतील, तर या धंद्यात पडू नका.

वारांपासून सुरू करा. सोमवार सिद्धेश्वराचा, गुरुवार स्वामींचा, शनिवार मारुतीचा. त्यात श्रावण, नवरात्र, मार्गशीर्ष. मटणाचं हॉटेल आपल्याकडं खरं चालतं बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. आखाडात रांग लागते, कबूल. भाडं मात्र तीसही दिवसांचं.

पाणी तर विचारूच नका. उजनी काठोकाठ भरू दे, नळाला चार-पाच दिवसांआडच यायचं. भांडी तर रोज घासायची. मग टँकर.

आता घरपोच जेवणाच्या ॲपवरची एक थाळी बघा. किंमत २८०. "ऑफर लावा, वर दिसाल" म्हणाले, म्हणून ४० रुपये सूट माझ्या खिशातून. राहिले २४०. त्यावर २५ टक्के कमिशन, म्हणजे ६०. कमिशनवर १८ टक्के जीएसटी, १० रुपये ८० पैसे. आपलं हॉटेल ५ टक्के जीएसटीत, त्यामुळं हा भरलेला कर वजा करून मिळत नाही. हातात १६९. दीडशे ग्रॅम मटण ७६० च्या भावानं ११४, तेल-मसाला-कांदा-भात ३०, दोन भाकरी २०, डबा १४. झाले १७८. गॅस, भाडं, पगार अजून धरलेलंच नाही आणि पदरचे नऊ रुपये गेले! ऑर्डर वाढल्या म्हणून मी पहिल्या महिन्यात पेढे वाटले होते.

पेठेतला

२८० ची थाळी ॲपवर २८० लाच लावली? अहो, सगळे ३४० लावतात. हिशोब पहिल्या ओळीतच चुकला, आणि दोष धंद्याला.

रस्सा_भाकरी

लावून बघितली. मग गिऱ्हाईक टेबलावर बसून मोबाईल दाखवायचं, "इथं वेगळा भाव, तिथं वेगळा, फसवता काय?" आणि आधी २८० लाच होती तेव्हा सूट धरून ॲपवर स्वस्त पडतं म्हणून एकानं माझ्याच दारात उभं राहून ॲपवरून ऑर्डर टाकली. शप्पथ.

कडक_भाकरी_ताई

दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण "पडूच नका" हे पटलं नाही. माझ्या आईनं वीस वर्षं खानावळ चालवली, तीही भाड्याच्या दोन खोल्यांत. पाटी नाही, मेनूकार्ड नाही. एक भाजी, एक आमटी, भाकरी, ठेचा. महिन्याचे मेंबर, पैसे पाच तारखेच्या आत. त्यामुळं उद्या किती ताटं लागणार ते आदल्या रात्रीच माहीत. तुमच्याकडं किती पदार्थ होते?

दुसरं असं की गरम भाकरी तिथल्या तिथं खपली तर खपली. आम्ही उरलेल्या वेळात कडक भाकरी आणि शेंगा चटणी करायला लागलो. मंगळवेढ्याच्या ज्वारीची पातळ भाकरी नीट वाळवली की नासत नाही. तिला ना वार, ना श्रावण. आज खानावळीपेक्षा त्याचाच गल्ला मोठा आहे.

रस्सा_भाकरी

ताई, ६४ पदार्थ होते. त्यात पनीरचेच अकरा. मटणाच्या हॉटेलात पनीर कशाला, हे आता कळतंय. पण फॅमिली आली की एक जण शाकाहारी असतोच, तो उठला की टेबल उठतं.

तरी एक सांगतो. तुमच्या आईनं वीस वर्षांत स्वतःचा पगार धरला होता काय? पहाटेपासून भाकऱ्या थापायची मजुरी? ती मांडली तर तुमचा हिशोबही माझ्यासारखाच निघेल.

कडक_भाकरी_ताई

नव्हता धरला. हे बरोबर बोललात.

खवय्या_सात_रस्ता

मालक लोकांचं रडगाणं ऐकून कंटाळा आला. दुसऱ्यांदा रस्सा मागितला की वेटर तोंड वाकडं करतो, आणि म्हणे गिऱ्हाईक टिकत नाही.

माजी_वेटर

तोंड वाकडं का होतं ते मी सांगतो. सहा वर्षं शहरातल्या तीन हॉटेलांत काम केलं. सकाळी दहाला आत, रात्री बाराला बाहेर. मधले तीन ते सहा "सुट्टी". घरी जाऊन यायला दीड तास, म्हणून तिथंच दोन टेबलं जोडून झोपायचं, वर पंखा बंद, कारण बिल येतं. धागावाल्या मालकांनी वस्तादाबद्दल, म्हणजे मुख्य आचाऱ्याबद्दल, काही लिहिलं नाही, पण असे मालक भेटले की "उचल (आगाऊ पगार) घेऊन पळाला" हे ठरलेलं वाक्य. पगार वेळेवर दिला असता तर उचल मागायची वेळ का आली असती?

रस्सा_भाकरी

लिहिलं नाही कारण लिहायला लाज वाटली. वस्ताद आखाडाच्या शेवटच्या रविवारी गेला, पंचवीस हजार उचल घेऊन. बाहेर रांग, आत मी आणि बायको. मसाल्याचं प्रमाण त्याच्या डोक्यात, वही त्यानं कधी ठेवू दिली नाही. त्या दिवशीचा रस्सा खाऊन गेलेले परत आले नाहीत. हां, त्याचा आदल्या महिन्याचा अर्धा पगार मी थकवला होता. तेही खरं.

माजी_वेटर

मग पळाला नाही ओ, वसूल करून गेला.

पेठेतला

अर्धा पगार म्हणजे पंचवीस हजार होतात काय? दोघंही एका माळेचे मणी.

कडक_भाकरी_ताई

भांडण बाजूला ठेवा जरा. दादा, सामान विकायचंय का? डीप फ्रीजर माझ्या कामाचा नाही. लोखंडी तवे असतील तर सांगा, मोठे, जाड बुडाचे.

रस्सा_भाकरी

चार आहेत. एक घरी लागतो, तीन देतो. भाव समोरासमोर बोलू, इथं नको.