प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी थांबंना, अण्णा घराबाहेर पडंनात

प्रश्न (अंबाजोगाई)
अण्णांचं वय 67. चार महिन्यांमागं संभाजीनगरला प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. पीएसए (या कॅन्सरसाठी रक्तात तपासतात ते) 0.1 च्या खाली आलाय, डॉक्टर समाधानी आहेत. पण लघवीची नळी काढल्यापासून लघवी गळायलीय. खोकलं की, वाकलं की, खाटेवरून उठलं की. परवा पहाटे चारला जाग आली, तर अण्णा न्हाणीत अंधारात स्वतःचं धोतर पिळायलेत. मला बघून म्हणले, "पाणी सांडलं रे." पारावर बसणं बंद, कीर्तन बंद. आता तर पाणीच पिईनात. हे असंच राहणार का?

उत्तर (परभणी, निवृत्त शिक्षक)
बाळा, तीन वर्षांमागं मी यातनंच गेलो, म्हणून सविस्तर लिहितो. प्रोस्टेट काढल्यावर लघवी धरून ठेवायचा सगळा भार खालच्या स्नायूवर येतो. तो कमवावा लागतो. चारचौघांत वारा सरायला आला की जसं आवळून धरतो, तसं आवळायचं. मनात पाच आकडे मोजायचे, मग तेवढाच वेळ सैल सोडायचं. असं दहादा, दिवसातनं तीन वेळा. पोट ताणायचं नाही, श्वास कोंडायचा नाही. मी महिनाभर नुसतं पोटच आवळत होतो; फिजिओथेरपीच्या बाईंनी दाखवलं तेव्हा कळलं. उठायच्या, खोकायच्या आधी आवळायची सवय लागली आणि फरक पडला. दिवसाला चार पॅड लागायचे, सहाव्या महिन्यात एकावर आलो, वर्षाच्या आत सुटले. जड घागर उचलली तर अजूनही थेंब येतो.

पाणी मात्र तोडू देऊ नका. आपल्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको. लघवी घट्ट झाली की जास्तच चुरचुरतं, जंतुसंसर्गही होतो. कमी करायचा तो चहा.

पॅड मेडिकलवरून तुम्हीच आणा. माझ्या पोरानं वर्तमानपत्रात गुंडाळून उशाशी ठेवले होते, एक शब्द बोलला नाही. त्या दिवशी मी ऑपरेशननंतर पहिल्यांदा शाळेपर्यंत चालत गेलो.

आणखी एक. नवराबायकोच्या संबंधावरही परिणाम होतो. ते अण्णा तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. त्यावरही औषधं आहेत. डॉक्टरांकडं गेल्यावर तुम्ही थोडा वेळ बाहेर थांबा.

उत्तर (लातूर)
माझ्या मामांनाही हाच कॅन्सर, पण ऑपरेशन नव्हतं, शेक (रेडिएशन) दिले आणि दर तीन महिन्यांना हार्मोनचं इंजेक्शन. ऐन थंडीत घामानं बंडी भिजायची. संडासातून रक्त पडायलं, तर मूळव्याध समजून दोन महिने अंगावर काढलं. निघाला शेकाचा परिणाम. इंजेक्शनानं हाडंही ठिसूळ होतात, म्हणून डॉक्टरांनी कॅल्शियम चालू केलंय.

प्रश्नकर्ता (अंबाजोगाई)
सर, काल रात्री पॅड उशाशी ठेवले. सकाळी पाकीट फोडलेलं होतं, तांब्याही रिकामा. सोमवारी तपासणी आहे, मी बाहेरच बसतो.