गल्लाभरू म्हणजे नक्की काय हो?

सदाशिवपेठी मामा
परवा अलका टॉकीजच्या चौकात सिग्नलला थांबलो होतो, मागे बसलेला भाचा पोस्टर बघून म्हणाला मामा हा गल्लाभरू आहे ना, मी हो म्हणालो आणि मग घरी पोचेपर्यंत तोच किडा डोक्यात. गल्ला भरतो तो गल्लाभरू असं धरलं तर 'संत तुकाराम' पण गल्लाभरूच की! १९३६ चा, आपल्या पुण्यातल्या प्रभात फिल्म कंपनीचा, मुंबईत एकाच थेटरात वर्षाच्या वर चालला, आणि १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवातही नावाजला गेला. त्याला कोणी गल्लाभरू म्हणून दाखवा. मग हा शब्द पैशाबद्दल आहे की काढणाऱ्याच्या मनात काय होतं त्याबद्दल?

शुद्धलेखनवाली
मामा, शेवटचा ऊ बघा. वेळकाढू, वेळखाऊ, पोटभरू. पोट तर सगळेच भरतात, पण पोटभरू म्हटलं की शिवी झाली, कारण त्याला दुसरं काही सुचतच नाही असा अर्थ येतो. गल्लाभरूचं तेच. टिकाऊला मात्र असा वास येत नाही, त्यामुळे सगळा दोष ऊवर टाकू नका.

रविवारातला दुकानदार
गल्ल्यावरून बोलतो, कारण लहानपण तिथेच गेलं. आमच्या आजोबांचा गल्ला म्हणजे लाकडी पेटी, आत चिल्लरीसाठी वाट्यांसारखे गोल खळगे कोरलेले, झिजून गुळगुळीत झालेले, नोटा मागच्या खणात. संध्याकाळी आजोबा नुसता हात फिरवून सांगायचे किती जमलेत आणि दोन-चार रुपयांपलीकडे चुकायचे नाहीत. तिथे दुसऱ्या कोणाला बसू द्यायचे नाहीत, काकांनासुद्धा नाही, त्यावरून घरात जी भांडणं झालीत ती सोडा. हिंदीत गल्ला म्हणजे धान्य पण, आपल्याकडे फक्त पैशाची पेटी उरली.
मुद्दा हा की गल्ल्यावर कोण बसलंय. प्रभातमध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम हे दिग्दर्शकही होते आणि कंपनीचे भागीदारही, म्हणजे माल बनवणारा आणि गल्ल्यावरचा माणूस एकच, पडला असता तर यांच्याच खिशातून. आता पैसा लावणारा वेगळा असतो आणि नावं ठेवतो आपण दिग्दर्शकाला.

शुद्धलेखनवाली
हे पटलं. पण मला 'चालणे'ची गंमत जास्त वाटते. चालणारा पिक्चर म्हणजे कौतुक, चालू पिक्चर म्हणजे नाक मुरडणं, आणि पिक्चर चालू झाला म्हणजे पॉपकॉर्न घेऊन पळा. धातू एकच! तसंच धंदेवाईक आणि व्यावसायिक. व्यावसायिक नाटकाला आपण बालगंधर्वला ऐटीत जातो, धंदेवाईक नाटक म्हटलं तर नटच भांडायला येतील.

पिटातला
मला राग येतो या शब्दाचा, स्पष्टच सांगतो. हा बाल्कनीतल्यांचा शब्द आहे. दादा कोंडक्यांचे ओळीने नऊ पिक्चर पंचवीस-पंचवीस आठवडे चालले, गिनीज बुकात नोंद झाली, तेव्हा पिटात बसलेल्या कोणी गल्लाभरू म्हटलं नसणार, तिथे शिट्ट्या चालू होत्या. आणि नागराज मंजुळे घ्या, 'फँड्री' काढला तेव्हा सगळे म्हणाले वा काय कलाकृती, २०१६ ला 'सैराट' बर्लिनच्या महोत्सवात दाखवला आणि मग इकडे शंभर कोटींच्या वर गेला, मराठीत पहिल्यांदाच, तर आमच्याच कट्ट्यावर दोघं म्हणाले आता तो पण कमर्शियल झाला. अरे माणूस तोच ना! जात तीच, गाव तसंच, शेवट तर काळजाला घरं पाडणारा, फक्त झिंगाटवर लोक नाचले म्हणून कमर्शियल?

शुद्धलेखनवाली
'कमर्शियल झाला' मधलं 'झाला' बघा, बिघडला सारखंच वापरतो आपण. आणि उलट बाजूने आर्ट फिल्म. माझी आई म्हणते "फार आर्ट फिल्म आहे ग", म्हणजे मध्येच उठून कुकर लावला तरी चालेल.

रविवारातला दुकानदार
मग दोन्ही जमलेल्याला काय म्हणायचं? लोकांनी उचलून धरला म्हणतात, पण त्यात पिक्चर चांगला होता का ते कळत नाही.

सदाशिवपेठी मामा
ते नंतर बघू, आधी माझं ऐका. तो पोस्टरवाला पिक्चर आठवड्यात उतरला. गल्ला भरलाच नाही. भाचा विचारतोय अजून गल्लाभरूच म्हणायचं का?